दहा मिनिटांत केलेली व्याख्या

दीड महिन्यापूर्वी, मंगळवारी सकाळी असलम तांबोळीचा फोन आला. "सर गेले. झोपेतच. दहा वाजता नांद्यात अंत्यविधी आहे." मी वृत्तपत्रातल्या सवयीने वय विचारले. शहात्तर. प्रा. दिनकर ढमाले पुण्यातल्या विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. निवृत्तीनंतर पौडच्या एसटी स्थानकासमोर एका खोलीत बसून ते लोकांना जमिनीच्या कागदांबद्दल फुकट सल्ला देत आणि उरलेल्या वेळात मला फोन करत. हा दुसरा उद्योग त्यांनी आठ वर्षे केला.

त्याला कारण मीच होतो. तेव्हा मी याच दैनिकात बातम्यांचे मथळे देत असे. असलमच्या वडिलांचे पौडच्या बाजारपेठेत मोबाइलचे दुकान आहे. तिथून विकलेले एक सिमकार्ड बॉम्बस्फोटाच्या तपासात सापडले आणि असलमला अटक झाली. पोलिसांच्या पत्रकात 'संशयित' असा शब्द होता. पान छपाईला सोडायला दहा मिनिटे उरली होती. 'संशयित' मथळ्यात मिळमिळीत वाटला, म्हणून मी 'पौडमधून दहशतवाद्याला अटक' असा मथळा दिला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात सरांचा पहिला फोन आला.

"मथळा कुणाचा?"

"माझा."

"जगातले देश इतकी वर्षं एकत्र बसताहेत. विमान पळवणं, ओलीस धरणं, बॉम्बस्फोट, पैसा पुरवणं, एकेका गुन्ह्यावर करार झाले. पण दहशतवाद म्हणजे नेमकं काय, याची सर्वांना मान्य व्याख्या अजून होत नाही. तुम्हाला किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं होती, सर."

"वा! तुम्हाला तिकडेच धाडायला हवं."

सर वैताग आणणारे गृहस्थ होते. आरोपींचा कैवार घेणारे म्हणून त्यांना मोडीत काढता आले असते, तर सोपे गेले असते; पण स्फोटात मेलेल्यांची बातमी आम्ही चौथ्या दिवशी आतल्या पानावर ढकलली, तेव्हाही फोन आलाच. निरपराधांना मारणाऱ्याला कुठलेही कारण माफ करत नाही, लोकांचा जीव वाचवणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, असे ते बजावत. "म्हणून तर खरा माणूस पकडा म्हणतो. चुकीचा आत असेल, तेवढा वेळ बरोबरचा बाहेर असतो." नागरी हक्कांच्या ज्या करारात आपला देश सामील आहे, त्यावर देखरेख करणाऱ्या समितीने वृत्तपत्रांनाही सांगून ठेवले आहे की, गुन्हा शाबित होण्याआधी माणसाला दोषी ठरवणाऱ्या बातम्या टाळा. हे ते एकदा पौडच्या खोलीत मला समजावत असताना कागद घेऊन आलेले एक शेतकरी कंटाळून म्हणाले, "सर, जगाचं ऱ्हाऊद्या. माझी नोंद कवा हुणार?"

"तुझी नोंद तलाठ्याकडं हाय, जगाकडं न्हाई. बस जरा."

पाच महिन्यांनी आरोपपत्र दाखल झाले. त्यात असलमचे नावच नव्हते. तो सुटला आणि आम्ही सातव्या पानावर दोन ओळी छापल्या : 'पुराव्याअभावी सुटका'. सर फोनवर ओरडले, "म्हणजे गुन्हा केलाच होता, पुरावा तेवढा हुकला, असंच ना?" पहिली बातमी संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत तशीच राहिली. असलमने हिंजवडीत नोकरीला अर्ज केला, महाळुंग्यात खोली पाहिली. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मोबाइलवर त्याचे नाव टाकून पाहिले आणि नंतर कळवतो म्हणाले. शेवटी सरांनी नांद्यातल्या स्वतःच्या घरातली खोली त्याला दिली. धाकटे भाऊ बापू चिडले. "दादा, गाव काय म्हणतंय ठावं हाय का?"

"भाडेकरूचा फॉर्म पोलिसांत दिलाय, बापू."

"अवो, गाव फॉर्म वाचतंय व्हय?"

"न्हाई. पेपर वाचतंय. तीच तर पंचाईत हाय."

दुरुस्तीसाठी सरांनी संपादकांना पत्रे लिहिली. संपादकांनी ती विधी विभागाकडे, विधी विभागाने डिजिटल विभागाकडे आणि डिजिटल विभागाने 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' माझ्याकडे पाठवली. मी ती पुन्हा संपादकांकडे पाठवली. अशी तीन वर्तुळे पूर्ण झाल्यावर मी निवृत्त झालो. सर गेल्यानंतर पुन्हा विचारले, तर एका तरुण सहकाऱ्याने नम्रपणे सांगितले, "सर, जुन्या बातमीला हात लावायची पॉलिसी नाही." बातमी आजही तिथे आहे. पुढच्या महिन्यात असलमची नोकरीसाठी एक मुलाखत आहे.

गेल्या आठवड्यात पौडची खोली रिकामी करायला बापूंनी बोलावले. सातबाऱ्यांच्या गठ्ठ्याखाली एक कागद निघाला. आमच्याकडून दुरुस्ती लिहून होत नाही, हे ओळखून सरांनी ती स्वतःच लिहून ठेवली होती; बातमीच्या घाटात, एका स्तंभात बसेल इतकी. समासात माझ्यासाठी सूचना होती : 'याहून लहान करू नये.' मी पेन्सिल घेऊन बसलो. काढण्यासारखा एकही शब्द नव्हता. पुरवणीच्या संपादकांनी मला सरांवर हा लेख मागितला आहे, पान त्यांचे आहे, जुन्या बातमीला हात लागत नाही, म्हणून तो मजकूर इथे देतो.

'पौड येथील असलम तांबोळी यांना या दैनिकाने दहशतवादी म्हटले होते. ते दहशतवादी नाहीत. त्यांच्यावर कोणताही आरोप ठेवण्यात आला नव्हता. चूक आमची होती.'