खांडेनवमीला काढलेलं झाकण

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हाही एवढं सोडून बाकी सगळं बोलतो. आणि ज्याला सांगायला हवं होतं, तो विष्णू तर अधूनमधून माझ्यासमोर बसून चहा पितो. मग तुम्हालाच का? तुम्ही आम्हा दोघांना ओळखत नाही म्हणून. दुसरं काही नाही.

नांदूरघाटच्या रस्त्याला माझं सुतारकामाचं शेड आहे. तेव्हा ते आमचं होतं—माझं आणि विष्णूचं. रंधा मारावा तर विष्णूनं. फळीवरून नुसता हात फिरवला की कुठं उंचवटा आहे ते त्याला कळायचं. मला एवढा दम कुठला? मी चुळबुळ्या माणूस, एक काम हातात असताना दुसरं डोक्यात. मोबाइलवर एकदा एक यंत्र पाहिलं—फिरता ड्रम, त्याला पॉलिश पेपर गुंडाळलेला, खालून फळी सरकवली की पलीकडून सारख्या जाडीची होऊन बाहेर. ते पाहिल्यापासून मला चैन पडेना.

ते आम्ही घरच्या घरी बनवलं. प्लायच्या गोल चकत्या कापल्या, लोखंडी दांड्यावर ओवल्या, चिकटवून आवळल्या. बेअरिंग भंगारातल्या मळणीयंत्राचं, मोटार आमच्याच कडबाकुट्टीची. बायकोनं विचारलं, म्हशीनं आता अख्खा कडबा चावायचा का? विष्णूही आधी कुरकुरला, "रंधा हाय की बे, ह्ये कावून पायजे?" पण पहिली फळी गुळगुळीत होऊन बाहेर आली तेव्हा तिच्यावर हात फिरवत तो उभाच राहिला. लई भारी, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानंच यंत्राला लाकडी झाकण केलं, ड्रम आणि मोटारीचा पट्टा दोन्ही झाकणारं. फळी बाहेर येताना बघायची, तर उजवा हात त्या झाकणावर टेकून वाकायचं, अशी त्याला सवयच लागली.

मी पाल्हाळ लावतोय, कळतंय मला. आत्ता लिहिता लिहिता उठून शेडमध्ये जाऊन आलो. काम काहीच नव्हतं.

खांडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. करवत, रंधा, पटाशी सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसरा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या वर्षी यंत्र नवीन होतं आणि गावातली माणसं बघायला येणार होती. झाकणाला कुंकू लावून त्यांना काय दिसलं असतं? मला ड्रम दाखवायचा होता, मी केलेला. सगळ्यांसमोर मी झाकण काढलं, मोटारीमागे भिंतीला टेकवलं आणि ड्रमवर कुंकवाची बोटं ओढली. झेंडूचा हार घालता घालता विष्णू म्हणाला, पूजा झाली की लगेच लाव बे. मी हो म्हणालो.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी विष्णूनं शेड उघडलं आणि तो बाहेर अंगणात फळ्या निवडत बसला. एका देव्हाऱ्याचं काम अडलं होतं. मी आत आलो, सुकलेली फुलं काढून टाकली. झाकण तिथंच होतं, भिंतीला टेकलेलं. विसरलो होतो का मी? नाही. ते मला दिसत होतं. चार स्क्रू आवळायला कितीसा वेळ लागणार होता? पण मला धीर कुठं होता—एवढी एक फळी जाऊ दे, मग लावतो, असं मनात म्हटलं आणि बटण दाबलं. विष्णूला हाक मारली. तो धावत आला, नजर बाहेर येणाऱ्या फळीवर, आणि हात नेहमीच्या जागी टेकला.

तिथं पट्टा होता.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

बीडच्या दवाखान्यात त्याची बायको, सुमनवहिनी, बाकावर बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "झाकण व्हतं न्हवं, भावजी?" मी म्हणालो, होतं. पूजा झाल्याबरोबर मी लावलं होतं. आज सकाळी त्यानं पट्टा बघायला उघडलं असेल. हे मी न अडखळता बोललो. आधीपासून तयार असल्यासारखं तोंडातून आलं, आणि त्याचीच मला आजही भीती वाटते. पट्टा बघायची विष्णूला सवय होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. शुद्धीवर आल्यावर त्यानंही विचारलं. त्यालाही मी तेच सांगितलं. त्याला त्या सकाळचं काही नीट आठवत नव्हतं. पट्टी बांधलेला हात उलटा करून बघत म्हणाला, "उघडलं आसंल बे. ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

त्यानं माझा शब्द खरा धरला. बोटांपेक्षा मोठं मी काय घेतलं, ते मला नंतर दिसत गेलं. कधी काही न विसरणारा हा माणूस आता कुलूप लावतो आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन ओढून बघतो. गॅस बंद आहे का, हे वहिनीला पुन्हा पुन्हा विचारतो. सुतारकाम सोडून मेहुण्याच्या पेंडीच्या दुकानात बसतो. डाव्या हातानं रंधा धरायचं मी एकदा सुचवलं, तर म्हणाला, हाताचं न्हाई रं, माझ्या डोस्क्याचा भरवसा न्हाई. नातीला कडेवर घेऊन तो जिना उतरत नाही. मध्येच सोडून दिली तर, म्हणतो.

त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर? कितीदा उठलोय मी त्यासाठी. मोटारसायकल काढलीय, पेंडीच्या दुकानापुढून गेलोय, पुढे जाऊन परत वळलोय. दरवेळी पेंडीचं पोतं घेऊन घरी आलोय.

दर खांडेनवमीला तो येतो. पूजा आता झाकणावरच होते. यंदा शेजारच्या गावचे दोन सुतार यंत्र बघायला आले होते, त्यांनाही असंच बनवायचं होतं. विष्णूनं डाव्या हातानं झाकणाला कुंकू लावलं, उजवा त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाला, "काहीबी करा, पर झाकण काढू नका. म्या काढलं व्हतं. ह्याला इचारा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी होकाराची मान हलवली.