आई रडली नव्हती

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठीच्या मॅडमनी आम्हाला वाचन-वही करायला सांगितली. अभ्यासाला लागलेलं पुस्तक वाचून झालं की त्यावर दोन पानं लिहायची. ‘गाईडमधलं उतरवू नका. तुम्हाला जे वाटलं तेच लिहा,’ असं त्यांनी बजावलं होतं. माझ्या वाटण्याला कुणी मार्क देणार, हे मला नवीनच होतं. पहिल्या दोन पुस्तकांवर मी मन लावून लिहिलं.

तिसरं पुस्तक म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावाची कादंबरी. आमचंही गाव त्याच पाण्यात गेलं, म्हणून मी ती भंडाऱ्याच्या होस्टेलवर एका दिवसात वाचून काढायला घेतली. पंधरा-वीस पानांनंतर थांबले. नायिकेच्या डाव्या मनगटावर अर्धवट राहिलेलं गोंदण होतं. लहानपणी सुई टोचल्यावर ती पळून गेली म्हणून ते तसंच राहिलं होतं. पुढे गाव सोडताना ती मांडीवर कोंबडी घेऊन ट्रॅक्टरवर बसते. ही माझी आई होती.

मग आठवलं. मी चौथीत असताना पुनर्वसनाच्या आमच्या नव्या घरी नागपूरचे एक लेखक आले होते. दोन दिवस राहिले. बाबांनी त्यांना डोंग्यातून फिरवून आणलं, पाण्याखाली कुठे देऊळ होतं, कुठे शाळा, ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाबा जाळं घेऊन गेले आणि आईनं लेखकांना झिंग्याची भाजी-भात वाढला. मी तिथेच पाटी घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, ‘वहिनी, गाव सोडताना खूप रडल्या असाल?’

‘नाही रडली भाऊ,’ आई म्हणाली. ‘खरं सांगू? मले तं बरं वाटलं. थ्या घरात अकरा माणसं. लग्न झाल्यापासून मी जाळ्याच्या ढिगाजवळ झोपली. इथं टिनाचं का असेना, पण दाराची कडी आतून लावता येते मले.’ मग आवाज खाली करून म्हणाली, ‘हे पोरीच्या बाबाले सांगू नका. त्याईले अजून गावाचं सपन पडते.’

त्यांनी शब्द दिला. पुस्तक छापलं की पाठवतो, असंही म्हणाले.

कादंबरीत ती बाई दाराची चौकट धरून हंबरडा फोडते. पोलीस तिची बोटं एकेक करून सोडवतात. वर्गात मॅडमनी हे पान वाचलं तेव्हा जवाहरनगरहून येणारी माझी मैत्रीण डोळे पुसत होती.

मी वहीत खरं ते लिहिलं. की ही बाई मला माहीत आहे, ती रडली नव्हती, आणि तिचं न रडणं लेखकानं का टाकून दिलं ते मला कळत नाही. वही परत आली ती लाल शाईतल्या शेऱ्यासह: ‘आशय समजलेला नाही. पुन्हा लिहा.’

मी स्टाफरूममध्ये गेले. ‘मॅडम, ती माझी आई आहे.’

मॅडम प्रेमानं हसल्या. ‘वाचणाऱ्या प्रत्येकाला असं वाटतं, तेच तर लेखकाचं यश.’

शनिवारी मी पुस्तक घेऊन घरी गेले. आई मासे साफ करत होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. गोंदणाचं मी वाचून दाखवलं तेव्हा ती हसली, मनगट पुढे करून बघितलं. चौकटीचं पान संपलं तेव्हा म्हणाली, ‘अन् मी सांगतलं थे कुठं हाय?’

‘नाही आहे.’

तिनं पुढचा मासा हातात घेतला. मग म्हणाली, ‘मी जन्मात एकाच माणसाले सांगतलं होतं. त्यानं आइकलंच नाही वाटते.’

इथवर सगळं मी लेखकाच्या आणि मॅडमच्या माथी मारू शकते. पुढचं मात्र माझं आहे. वहीला मार्क होते. मी दोन पानं पुन्हा लिहिली. मातीची ओढ, उन्मळून पडलेलं झाड, चौकटीवरची बोटं, सगळं लिहिलं. लिहिताना हात थांबला नाही, उलट वाक्यं सुचत गेली. मॅडमनी ती वर्गात वाचून दाखवली आणि कॉलेजच्या वार्षिकात छापली.

वार्षिक बाबांच्या हाती लागलं. माझं नाव छापलेलं बघून त्यांना कोण आनंद झाला! ‘वाच ना, पोरी,’ म्हणाले. आई समोरच भात वाढत होती. मी वाचलं. बाबांचे डोळे भरून आले.

‘बराबर लिवलं,’ ते म्हणाले. ‘लय रडली होती तुही माय. मले आठवते ना.’

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी खाली मान घालून भात कालवत राहिले. ‘हे पुस्तकातल्या बाईचं आहे,’ एवढं म्हणायला तेवढा एकच क्षण होता आणि मी तो जाऊ दिला. आई बाबांना म्हणाली, ‘जेवा आता, थंडा होऊन राहिला.’

त्यानंतरही मी दर शनिवारी घरी जाते. आई मला भाताची रोवणी कुठवर आली ते सांगते, शेजारच्या पोरीला कुठलं स्थळ आलं ते सांगते, तलावात यंदा मासळी कशी आहे ते सांगते. स्वतःचं काही सांगत नाही. मी विचारलं तर म्हणते, ‘मायं काय रायते सांगासारखं?’ आणि कामाला लागते.