व्हर्डेलच्या चंद्राची पट्टी

व्हर्डेल गॅस्किन्सकडे पाच कार्यक्रम होते आणि पाच झगे. चंद्राच्या गाण्यांना रुपेरी, पावसाच्या गाण्यांना करडा, आगगाडीच्या गाण्यांना काळा, सोडून गेलेल्या पुरुषांच्या गाण्यांना लाल आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या गाण्यांना फुलाफुलांचा. वॉशिंग्टनच्या एका जुन्या वस्तीत कुणी बोलावणं केलं, की ती "चंद्र हवाय की पाऊस?" एवढंच विचारायची, जसे काही दोन्ही तिच्या कपाटातच टांगलेले असावेत. पोस्टातली नोकरी संपल्यापासून तिचं सगळं जगणं या पाच हँगरांवर होतं.

सगळ्यांत लाडका चंद्र. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये एका टोकाला मासे तळले जात आणि दुसऱ्या टोकाला जॅझ चाले. पियानोवर एल्वूड पिंकनी, अर्ध्या आयुष्याचा साथीदार. गाण्याआधी गायिकेने बोटांनी पट्टी दाखवायची, ही या मंडळींची रीत. चंद्राच्या गाण्यांना व्हर्डेल तीन बोटं जमिनीकडे करायची, एल्वूड मान डोलवायचा आणि सुरू करायचा. बंद मूठ म्हणजे त्याहून बरीच खालची पट्टी. ती म्हाताऱ्या बायकांसाठी असते असं व्हर्डेलचं ठाम मत होतं. स्वतःची सत्तरी उलटली होती, पण तो विषय ती वेगळा धरायची.

यंदा चंद्राच्याच आठवड्यात एल्वूडच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, आणि तालमीला चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी ग्वेंडोलिन बेथिया पियानोवर बसली. व्हर्डेलने तीन बोटं दाखवली. पहिली ओळ कशीबशी गेली. चंद्र वर येतो त्या ओळीला मात्र आवाज असा चिरकला की शुक्रवारसाठी तळणी तापवून पाहणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दुसरं गाणं घेतलं, तिथेही तेच.

व्हर्डेलचं डोकं चक्रावलं. पियानो बिघडलाय म्हणावं, तर तो परवाच लावून घेतलेला. मग तिने तेलाच्या धुरावर खापर फोडलं, मग नव्या दातावर. बास वाजवणारा रॉस्को आपल्या तारा उगाचच पिळत राहिला.

"सिस्टर व्हर्डेल, तुम्ही तीन दाखवलीत, मी तीन वाजवलं," ग्वेंडोलिन चर्चमधल्या रीतीने म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती.

घरी येऊन व्हर्डेल ओट्यापाशी उभी राहून तेच गाणं गायली, आणि चंद्र लोण्यासारखा वर आला. आता तर कोडं आणखीनच वाढलं. घरी आवाज आहे आणि तिथे नाही, हा काय प्रकार? एल्वूडच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय आपल्याला गाताच येत नाही की काय, असंही तिच्या मनात आलं आणि त्या विचाराने ती जास्तच चिडली. दोन दिवस हाच खेळ. हॉलमध्ये आवाज चिरके, ओट्यापाशी लागे. शेवटी तिने रुपेरी झगा पिशवीत घालून माळ्यावर टाकला आणि रॉस्कोला फोन करून सांगितलं की आवाज गेला, शुक्रवार रद्द, आणि चंद्र गेला म्हणजे बाकीचे चारही गेले.

 रॉस्को म्हणाला, "शुक्रवार रद्द करण्याआधी एकदा एल्वूडकडे जाऊन ये."

एल्वूड डोळ्यावर पट्टी लावून रताळ्याची गोड पाय-पेस्ट्री खात बसला होता. व्हर्डेलने कोट न काढता विचारलं, "मी तीन बोटं दाखवते तेव्हा तू काय वाजवतोस?"

एल्वूडने काटा खाली ठेवला. "मुठीचं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तुझी आई गेली, त्या हिवाळ्यात तुझा आवाज बसला होता. म्हटलं, तेवढ्यापुरतं जरासं खाली घेऊ. मग आणखी जरासं. मग तू इतकी छान गायला लागलीस की सांगायचं राहूनच गेलं."

"आणि रॉस्को?"

"बास काय वेगळ्या पट्टीत वाजवणार आहे, व्हर्डेल?"

"म्हणजे माझ्या गळ्याची गोष्ट मी सोडून सगळ्यांना माहीत."

"गळ्याला माहीत आहे की. ओट्यापाशी गातेस ती माझीच पट्टी. बोटांना तेवढं कुणी सांगितलं नाही."

ती पेस्ट्री न चाखताच निघाली. बसमध्ये तिला काही सुचेना. रागवावं तर इतकी वर्षं त्या माणसाने तिला जपलं होतं. आभार मानावेत तर इतकी वर्षं बनवलंही होतं. आणि त्या टाळ्या? त्या तिच्या होत्या की त्याच्या? तिला फार वाईट वाटत होतं, आणि नेमकं कशाचं ते मात्र कळत नव्हतं. या गोंधळात ती दोन स्टॉप पुढे गेली.

शुक्रवारी ती रुपेरी झगा घालून आली. पियानोवर ग्वेंडोलिनच होती. एल्वूड काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसला होता, पुढ्यात तळलेला मासा, पण त्याला हात लावलेला नव्हता. व्हर्डेलची तीन बोटं सवयीने जमिनीकडे वळली. मग तिने ती एकेक करून मिटली आणि मूठ दाखवली. ती पाहून एल्वूड खुर्चीत दचकून मागे सरकला. मार आपल्यालाच आहे असं त्याला वाटलं असावं, आणि त्याची तयारीही दिसली.

ग्वेंडोलिनने वाजवायला सुरुवात केली. चंद्र वर आला, ओट्यापाशी येतो तसाच. टाळ्या पडल्या, आणि व्हर्डेलने पहिल्यांदाच त्या जरा कान देऊन ऐकल्या.

त्याला माफ केलं की नाही, ते तिला अजूनही कळलेलं नव्हतं. पण दुसऱ्या गाण्याची मूठ तिने पियानोकडे दाखवलीच नाही, सरळ पहिल्या रांगेकडे धरली आणि थांबून राहिली.  एल्वूडने चष्मा काढला, त्या मुठीकडे पाहिलं आणि नेहमीसारखी मान डोलावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला जी पट्टी दाखवत होती, तीच वाजणार होती.