चहा पिणारं वासरू

आबांचा फोन आला तेव्हा माझा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत होता. गाय गाभण आहे की नाही, हे असंच तपासतात. गायीच्या मालकानं फोन माझ्या कानाला लावून धरला.

"म्याडम, एक वासरू हाय. सत्तर किलोचं. जंताची गोळी किती द्यावी?"

आबा म्हणजे आमच्या दूध संघाचे चेअरमन. मी संघाची पशुवैद्यक, म्हणजे ते माझे साहेब. पाटोद्याकडं त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. संघानं माळावर चारा छावणी काढली होती. गावोगावची जनावरं एका जागी बांधली की जंतही गावोगाव फिरतात, त्यामुळे प्रश्नात वावगं काहीच नव्हतं. मी डोस सांगितला, एकदाच द्या म्हटलं आणि गायीकडे वळले.

थोड्या दिवसांनी पुन्हा फोन. गोळी रोज दिली तर चालंल का? मी म्हटलं, आबा, जंत एकदा मेले की मेले, रोज कशाला मारता? त्यांना ते फारसं आवडलं नसावं. मग एकदा विचारलं, "गोळी उपाशीपोटी द्यावी का चहासंगं?"

"वासराला चहा?"

पलीकडे आबा अडखळले. मग म्हणाले, "न्हाई, म्हंजे पाण्यासंगं."

मी हसले आणि विसरून गेले. चेअरमनचं वासरू, चहा काय बिस्किटंही खात असेल.

आबांना तोंडाचा कॅन्सर झालेला होता, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तंबाखूची कृपा. ऑपरेशन झालं होतं आणि औरंगाबादला केमो चालू होती. केमो म्हणजे सलाइनमधून देतात ते कॅन्सरचं औषध. ते घेऊन आले की आबा चार दिवस अंथरुणाला खिळायचे आणि पाचव्या दिवशी छावणीवर येऊन सगळ्यांना फैलावर घ्यायचे. आबांचा आजार आणि आबांचं वासरू या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या दावणीला बांधलेल्या होत्या.

नंतरच्या फोनला आबांचा आवाज बारीक झाला होता. वासरू खात नाही, डोळे पिवळे दिसत्यात, काहीतरी औषध सांगा.

डोळे पिवळे म्हणजे कावीळ, म्हणजे लिव्हरचं दुखणं. अशा वेळी फोनवर औषध सांगणारा डॉक्टर एक तर फार हुशार असतो किंवा फार बेफिकीर. मी दोन्ही नाही. वासरू बघायला येते म्हटलं. ते नको नको म्हणत असतानाच मी फोन ठेवला.

छावणीवर आबा लिंबाखाली खुर्चीत बसले होते आणि डोळ्यांना काळा गॉगल होता. याच आबांनी एका संचालकाला गॉगल लावला म्हणून भर मीटिंगमध्ये 'हिरो' म्हटलं होतं. शेजारी काकू उभ्या होत्या, आबांच्या मंडळी. आबांसमोरचा चहा तसाच गार झाला होता.

"आबा, वासरू कुठंय?"

आबांनी हात नुसताच माळाच्या दिशेनं हलवला.

"कंचं वासरू?" काकू म्हणाल्या. "आपल्याकडं तर दोन म्हशीच हायत, अन् त्याबी भाकड."

मी पुढं होऊन गॉगल काढला आणि सवयीनं आबांची खालची पापणी अंगठ्यानं ओढली, जनावराची ओढतो तशी. आत हळदीसारखं पिवळं होतं.

"हे सत्तर किलो कोणाचे, आबा?"

"आमचेच हायत," आबा म्हणाले.

 मग सगळं बाहेर पडलं. कुणीतरी नातेवाइकानं व्हिडिओ पाठवला होता. परदेशातला कुणी बाबा जनावराची जंताची गोळी रोज खाऊन कॅन्सरमधून उठला म्हणे. गोळी तर संघाच्याच दुकानात मिळत होती. डोस सांगायला मी होतेच, फुकटची.

मला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. कशापायी केलंत असं, म्हणून मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तितं गेलं की चार दिस उठवत न्हाई," आबा म्हणाले. "हितं चाऱ्याची गाडी चुकली तर जनावरं कुणाच्या तोंडाकडं बघतील? गोळीनं कसं, बसल्या जागी काम व्हतं."

 मग त्यांच्याच मेव्हण्याची आठवण झाली. मेव्हण्याच्या दुधात पाणी निघालं तेव्हा आबांनी स्वतः त्याचा कॅन परत पाठवला होता. मी म्हटलं, मेव्हण्याचं दूध तपासल्याशिवाय घेत नाही तुम्ही.

"त्याच्यावर भरवसा न्हाई म्हणून."

"मग गोळी तुमची कोण लागते?"

काकूंना त्या काळजीतही हसू आलं.

खरं तर जुनं औषध नव्या रोगाला लागू पडतं, ही थाप नाही. सोमल, म्हणजे आर्सेनिक, हे जुनं विष, पण त्याचंच औषध आज एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. जंताच्या गोळीवरही शास्त्रज्ञांचं काम चालू आहे, आणि प्रयोगशाळेत काचेच्या बशीत तिनं कॅन्सरच्या पेशी मारल्यासुद्धा आहेत. पण बशीत पेशी ॲसिडनंही मरतात. माणसाला किती द्यायची, काय बाधेल आणि मुळात उपयोग होईल का, हे माणसांवर नीट तपासल्याशिवाय कळत नाही. मी हे सांगितलं तेव्हा आबांनी विचारलं, "म्हंजे आशा हाय?" आहे, म्हटलं, पण अजून बशीत आहे.

मग औरंगाबादच्या डॉक्टरांना फोन लावला आणि गोळीचं सांगा म्हणून आबांच्या हातात दिला. पलीकडचं बोलणं ऐकताना आबांचा चेहरा उतरत गेला. रक्ताचा रिपोर्ट बिघडला म्हणून डॉक्टरांनी आधीच केमो थांबवली होती. आजार लिव्हरमध्ये पसरला की काय, या शंकेनं ते पुढचा तपास करणार होते. आणि केमो थांबली म्हणून आबांनी काय केलं होतं, तर गोळी वाढवली होती. गोळीनं लिव्हर बिघडवून केमो थांबवायची आणि केमो थांबली म्हणून गोळी वाढायची. आणखी थोडे दिवस हे असंच चाललं असतं, तर आबांना मारायला कॅन्सरची गरज उरली नसती. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

गोळी बंद झाली. तपासात लिव्हरमध्ये आजार निघाला नाही. डोळे हळूहळू पांढरे झाले आणि केमो पुन्हा सुरू झाली. आबा औरंगाबादला असायचे तेव्हा छावणीच्या खुर्चीत काकू बसायच्या. चाऱ्याची गाडी एकदाही चुकली नाही, हे आबांना केमोपेक्षा जड गेलं.

आज आबा ठणठणीत आहेत. पण गावाचं काय करायचं? आबा जंताच्या गोळीनं बरे झाले, हे आता पार परळीपर्यंत पोचलंय. कुणी विचारायला आलं की आबा तोंडाला येईल ते बोलून परत पाठवतात. लोकांना वाटतं, चेअरमन डोस लपवतोय.

मी मात्र तेव्हापासून जनावर बघितल्याशिवाय कसलाही डोस सांगत नाही. परवा एका सभासदाचा फोन आला. पन्नास किलोची शेळी हाय म्हणाला, जंताची गोळी द्यायचीय. मी म्हटलं, शेळी घेऊन या. आणि येताना शेळीची दवाखान्याची फाइलपण आणा.

फाइल म्हटल्यावर तो काय ते समजला.

"आईला घिऊन येतो, म्याडम," तो म्हणाला.

या म्हटलं. आधी चहा घेऊ, मग औरंगाबादला फोन लावू.