वरच्या प्रतीखालचा गाल

मी काम करते त्या फोटोच्या दुकानात एक सासू सुनेला घेऊन आली. पासपोर्ट साइज फोटो हवा होता. सुनेचा ओठ फाटला होता आणि गालावर काळीनिळी चार बोटं उमटली होती.

"दारावर आपटली, वेंधळी मेली," सासू म्हणाली. "तेवढं काढून टाक गं."

दाराला बोटं नसतात. तरी मी फोटो काढून संगणकावर घेतला. कुणीतरी हौसेनं बनवून जगाला मोफत वाटलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मी नेहमीप्रमाणे मूळ फोटोवर त्याची प्रत ठेवली आणि प्रतीवरच काम केलं. कपाळाची चांगली कातडी उचलून जखमेवर चिकटवत गेले. एकेक बोट पुसताना वाटलं, मारणाऱ्याचा हात मीच धुऊन देते आहे. या गल्लीतले आणखी किती नितळ गाल माझ्या हातचे असतील!

सासू फोटोंचं पाकीट घेऊन पायऱ्या उतरली. सून खुर्चीवर राहिलेला रुमाल घ्यायला मागे आली.

"ताई, आधीचा फोटो पुसू नका हं. लागेल मला."

ती गेल्यावर मी पडद्यावर वरच्या प्रतीपुढचं, ती दिसू देणारं डोळ्याचं बारीक चिन्ह बंद केलं. नितळ गाल नाहीसा झाला. खाली चारही बोटं जशीच्या तशी होती. मी फाइलला तिचं नाव आणि आजची तारीख दिली.