गोलाची जाळी

नव्या लुगड्याच्या खळीचा वास आला की मला आमच्या फुटबॉल क्लबाचं फाटक आठवतं. बेळगावात तेव्हा मैदानाभोवती तट्टे बांधून आम्ही एक आणा तिकीट लावलं होतं. अमावास्येला गावालगतच्या शहापूरचे हातमाग बंद असत, म्हणून सामने मुद्दाम त्याच दिवशी ठेवायचो. मैदान भरायचं ते विणकरांनीच. त्या दुपारी फाटकावर मी होतो. अंगाला खळीचा वास असलेले एक म्हातारे विणकर पुढं आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. गोलाची जाळी त्यांनीच फुकट विणून दिली होती. "जाळी कशी बसलीया तेवढं बघून जातो रं," ते म्हणाले. शेजारी क्लबातली वकील मंडळी उभी होती. त्यांच्यादेखत मी ओळखच दाखवली नाही. "आणा काढा, नाहीतर बाजूला व्हा," म्हणालो. आप्पा परत फिरले, आणि त्यांच्यामागं रांगेतली सारी विणकर मंडळीही फिरली. पुढच्या अमावास्येला मैदान ओस पडलं. वार्षिक सभेत उत्पन्न का घटलं असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मीच उठून सांगितलं, "यंदा पाऊस फार झाला." जाळी मात्र कित्येक वर्षं फाटली नाही. आजही कुठं गोल झाला की सगळे जाळीकडं बघतात, आणि मी मान खाली घालतो.