माझ्या घरात परक्या बाईचं दूध

गॅसवर दूध उतू जात होतं आणि गॅसपाशी मी नव्हते, दुसरीच बाई होती.

मी दारातच थिजले. लेक कडेवर, हातात पिशवी, आत्ताच तिरुवैयारूच्या बसमधून उतरलेली. आईला ताप होता म्हणून दोन दिवस गेले होते, बस्स. आमच्या तंजावरात नव्या घरात राहायला आलं की आधी दूध उतू जाऊ देतात. मग ही कोण? नवऱ्यानं दुसरी आणली? मी ओरडलेच, "कोण गं तू?"

ती दचकून वळली. माझ्याहून लहान, पोट चांगलंच पुढे आलेलं. तमिळमध्ये म्हणाली, "आम्ही भाड्यानं आलोय अक्का. घरवाल्या अण्णांनी किल्ली दिली. तुम्ही शेजारच्या का?"

शेजारची! मी!

आमचा घटस्फोटाचा खटला चालू आहे. नवरा आता दुसरीकडे राहतो. घर त्याच्या नावावर, पण निकाल लागेपर्यंत मी आणि लेकीनं तिथंच राहायचं, असं कोर्टानं सांगितलेलं. मी आठवी शिकलेली, मला वाटलं कोर्टानं सांगितलं म्हणजे झालं, आता कोण हात लावतंय! आणि इथं माझा ग्राइंडर, लेकीचा पाळणा, सगळं मागच्या दारी उन्हात.

नवऱ्याला फोन केला तर हसला. "आईकडे गेलीस ना? मला वाटलं, कायमची गेलीस. बरं झालं, तिथंच राहा की."

मग वकीलबाईंना केला. रडत रडतच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रडू नको, भांडू नको, पण घरातून हलू नको. मी पोलिसांना सांगते. आणि त्यांना राहू देऊ नको हं. राहू दिलंस तर तो म्हणेल, हिला चाललं."

मी स्वयंपाकघरात फरशीवरच बसले. त्या पोरीनं काय करावं? पहिलं दूध फुंकून फुंकून माझ्या लेकीला पाजलं. म्हणाली, "अक्का, जुनं घर आजच सोडलं. अण्णांना अॅडव्हान्स दिलाय. ह्या पोटानं आता कुठे जाऊ?"

तिचा नवरा दारात टेंपोपाशी उभा. अर्धं सामान आत, अर्धं बाहेर. दोघांचं काय चुकलं होतं? ओठांवर आलेलं, पुढची खोली तुम्ही घ्या, आम्ही आत राहतो. पण लेकीकडे बघितलं. हे घर गेलं तर हिला घेऊन मी कुठे?

"जा गं," म्हणाले. "रागावू नको. पण जा."

जाताना तिनं पाळणा आत आणून ठेवला. मग टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसली, पोटावर हात धरून. पोलीस आले तोवर ते गेले होते. मी दाराला नवं कुलूप लावलं, आता आम्ही दोघी इथंच आहोत. ती कुठे गेली, कुणाला माहीत नाही.

सांगा ना, तुम्ही असता तर काय केलं असतं?